निळा उजेड आणि गारगोटीची नळी

"लाइट तं लागून राह्यला नं भाऊ, मंग कायले बदलवता?"

दर्यापूरकडच्या एका खेड्यात, बाराशे रुपयांचा दिवा वाचवायचा म्हणून काकू मला हे विचारत होत्या. गावातल्या चार-पाच बायांनी मिळून पाण्याचा प्लांट चालवायला घेतला आहे. वीस लिटरचे जार भरायचे आणि घरोघर पोचवायचे. मी अशा प्लांटची दुरुस्ती करतो. पाण्यातले जंतू मारणारा दिवा स्टीलच्या नळकांड्यात असतो. त्या नळकांड्याला एक बारीक भोक असतं, त्यातून निळसर उजेड दिसतो. तो दिसला की गाव निश्चिंत असतं. दिवा लावून अठरा महिने झाले होते. काकूंचा प्रश्न रास्तच होता, कारण निळा उजेड अगदी पहिल्या दिवसासारखाच होता.

पण जंतूंना मारणारा उजेड तो नाहीच. तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. जे दिसतं ते उरलंसुरलं. आतला खरा माल संपत आला तरी उरलंसुरलं चमकत राहतं. काकूंना हे उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सन १८०१ मध्ये जर्मनीतल्या योहान विल्हेल्म रिटर नावाच्या तरुणाने काचेच्या लोलकातून ऊन पाडलं आणि त्याच्या सात रंगांच्या पट्ट्यावर सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद धरला. हे रसायन उजेडाने काळं पडतं. तांबड्या रंगात ते जवळजवळ तसंच राहिलं, जांभळ्यात लवकर काळवंडलं. सगळ्यात लवकर काळं पडलं ते मात्र जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला नुसता अंधार दिसत होता तिथे. आदल्याच वर्षी विल्यम हर्शेलने तांबड्याच्या पलीकडची न दिसणारी उष्णता थर्मामीटरने पकडली होती. रिटरने दुसऱ्या टोकाचं कुंपण ओलांडलं. त्या पलीकडच्या शेताला आपण अतिनील म्हणतो. बाजारात त्याचं नाव यूव्ही.

उजेडाच्या लाटा नॅनोमीटरमध्ये मोजतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० पाहतो. ४०० च्या खाली अतिनील. त्यातही तीन भाऊ आहेत. ३१५ ते ४०० चा थोरला सौम्य, खिडकीच्या काचेतूनही घरात येतो. २८० ते ३१५ चा मधला कातडी भाजतो, आणि कातडीत ड जीवनसत्त्वही तोच तयार करतो. २८० च्या खालचा धाकटा सगळ्यात जहाल. सूर्याकडून तोही निघतो, पण वरचा ओझोन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला वाटेतच गिळतात, म्हणून जमिनीवर पोचत नाही. कोणत्याही सजीवाला त्याची सवय नाही. जार भरणाऱ्या प्लांटमध्ये आपल्याला नेमका हाच लागतो, आणि वरून मिळत नाही म्हणून तो घरी बनवावा लागतो.

बनवणं सोपं आहे. बंद नळीत थोडा पारा ठेवायचा, सोबत आर्गॉन वायू, आणि दोन टोकांतून वीज सोडायची. पाऱ्याची वाफ पेटते. दाब कमी असला तर ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा उजेड देते. चांगल्या दिव्यात विजेचा साधारण तिसरा हिस्सा याच एका लाटेत बाहेर पडतो. पाऱ्यालाच हे का जमतं, हा अणूच्या पोटातला हिशेब आहे, तो इथे काढत नाही. घरच्या ट्यूबलाइटमध्येही हाच पारा आणि हाच २५४ चा उजेड असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ट्यूबच्या आतल्या बाजूला लावलेली पांढरी पूड तो उजेड खाते आणि दिसणारा उजेड ओकते. पुडीतून जे निसटतं ते काच अडवते.

सगळी गंमत त्या काचेतच आहे. बरणीची, खिडकीची, ट्यूबची साधी काच आपल्याला आरपार दिसते, पण ३०० च्या खालच्या उजेडाला ती भिंत आहे. माझा एक शिक्षक म्हणायचा, काच आपल्याला पारदर्शक वाटते हा आपल्या डोळ्याचा भाबडेपणा आहे. म्हणून बाळाला बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हात ठेवलं तर ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. आणि म्हणूनच पाऱ्याचा दिवा साध्या काचेत बनवला तर जहाल उजेड आतल्या आतच मरतो.

त्याला बाहेर काढते ती गारगोटी. हो, तीच. भंडारा-गोंदियाकडे नांगराला लागणारी, बांधावर ढीग करून ठेवलेली पांढरी गारगोटी. आमच्याकडे काळ्या खडकाच्या पोकळीतूनही ती निघते. लहानपणी रात्री पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की पिवळसर चमक दिसायची, आठवतं? तिलाच क्वार्ट्झ म्हणतात. साध्या काचेतही मुख्य माल हाच असतो, वाळूच्या रूपात. पण ती वाळू लवकर वितळावी म्हणून तिच्यात सोडा आणि चुना घालतात. या मिसळीमुळे, आणि वाळूसोबत येणाऱ्या लोखंडाच्या अंशामुळे, काच अतिनीलाला आंधळी होते. काहीही न मिसळता निव्वळ गारगोटी वितळवली तर ती साधारण २०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड बिनबोभाट जाऊ देते.

अडचण वितळवण्याची. साधी काच सातशे अंशांच्या आसपास मऊ पडते, गारगोटीला सोळाशेच्या वर न्यावं लागतं. जर्मनीतल्या हानाऊ गावात रिचर्ड क्यूख या माणसाने १८९९ मध्ये हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत स्फटिक वितळवून बुडबुडे नसलेली स्वच्छ क्वार्ट्झ काच काढली. तिकडे अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट पाऱ्याचे दिवे बनवत होता. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि क्वार्ट्झचा दिवा जन्मला.

या काचेचा आणखी एक गुण मला भारी आवडतो. ती तापल्याने फारशी फुगत नाही, साध्या काचेच्या पंधराव्या हिश्श्याइतकीही नाही. लालभडक क्वार्ट्झची नळी थंड पाण्यात टाका, तडकत नाही. चहाच्या ग्लासवर हा प्रयोग करू नका.

आता पुन्हा काकूंच्या प्लांटकडे. नळकांड्यात दिवा सरळ पाण्यात नसतो, तो आणखी एका क्वार्ट्झच्या नळीत असतो. तिला आम्ही स्लीव्ह म्हणतो. पाणी स्लीव्हच्या बाहेरून वाहतं. विजेचं टोक पाण्यापासून दूर राहतं, आणि दिव्याला ऊब राहते. कमी दाबाचा दिवा अंगाने चाळीस अंशांच्या आसपास असेल तेव्हा सगळ्यात चांगलं काम करतो. थंड पाणी थेट लागलं तर तो गारठतो आणि उजेड कमी होतो.

पाण्यातून जाणाऱ्या जंतूवर हा उजेड पडला की काय होतं? जंतूच्या पोटात त्याची वंशावळ असते, डीएनए. त्या लांब शिडीवर थायमिन नावाच्या दोन पायऱ्या शेजारी-शेजारी असल्या तर हा उजेड त्यांना एकमेकींना चिकटवून टाकतो. मग शिडीची नक्कल निघत नाही. जंतू तिथल्या तिथे मरतोच असं नाही, पण त्याला पिल्लं होत नाहीत, आणि पोटात गेलेल्या ज्या जंतूची वाढ होत नाही तो आजारी पाडत नाही. डीएनए सगळ्यात जास्त उजेड पितो तो २६० च्या आसपास, आणि पारा देतो २५४. एवढा जवळचा योग जमला म्हणून हा धंदा चालतो. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० मध्येच पिण्याचं पाणी असं शुद्ध करून पाहिलं होतं. पुढे स्वस्त क्लोरीनने बाजी मारली.

पण उजेड पुरेसा पोचला पाहिजे. किती तीव्र आणि किती वेळ, या दोघांचा गुणाकार बघतात. पिण्याच्या पाण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल ऊर्जा हे माप जगभर धरतात. जार लवकर भरावे म्हणून कुणी मोठी मोटर लावली तर पाणी दिव्यासमोरून पळत जातं आणि माप अर्ध्यावर येतं. श्रावणात पूर्णा नदीचं गढूळ पाणी आलं तर मातीच्या कणांच्या सावलीत जंतू लपतात. म्हणून आधी गाळणी, मग दिवा. उलट क्रम लावलेला प्लांटही मी पाहिला आहे. जोडणारा म्हणे, "पाणी तं तेच हाय!"

आणि आमचा मुख्य वैरी म्हणजे क्षार. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने पसरलेला खारपाणपट्टा ज्याने पाहिला नाही, त्याला विहिरीच्या पाण्याने डाळ न शिजणं म्हणजे काय ते कळायचं नाही. हेच खारं पाणी स्लीव्हवर पांढरी खपली धरतं. दिवा नवा कोरा, पण समोर चुन्याचा पडदा. लिंबूसत्वाच्या पाण्यात स्लीव्ह तासभर बुडवून ठेवली आणि मऊ फडक्याने पुसली की लख्ख होते. तारेच्या घासणीने मात्र कायमचे ओरखडे पडतात.

इथे एक गैरसमज सांगितलाच पाहिजे, कारण त्यापायी लोक पैसे घालवतात. हा दिवा पाण्यातलं मीठ काढत नाही. फ्लोराइडही काढत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरमध्ये जे फ्लोराइड आहे, ज्याने दात पिवळे-तपकिरी पडतात आणि हाडं धरतात, त्याला डीएनए नाही. त्यावर अतिनील उजेडाचा काही परिणाम नाही. त्यासाठी आरओचा पडदा किंवा फ्लोराइड शोषणारी गाळणी लागते. उलट बाजूही तशीच आहे. विकणारा माणूस टीडीएसचं मीटर बुडवून आकडा दाखवतो, तो विरघळलेल्या क्षारांचा असतो. त्यावरून पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे कळत नाही. आकडा पन्नास आला म्हणून पाणी निर्जंतुक झालं असं धरू नका.

दिव्याचं आणखी एक दुबळेपण म्हणजे त्याचा असर मागे राहत नाही. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते तेव्हा थोडं क्लोरीन नळापर्यंत पाण्यासोबत चालत येतं आणि वाटेत शिरलेल्या जंतूलाही मारतं. दिव्यासमोरून गेलेलं पाणी मात्र न धुतलेल्या जारमध्ये पडलं की पुन्हा होतं तसं. दिव्याच्या बाजूने एवढं बोलतो की क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण या उजेडापुढे लगेच गुडघे टेकतो.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. असा दिवा साधारण नऊ हजार तास चालतो, म्हणजे सतत लावला तर वर्षभर. त्या काळात नळीची आतली बाजू हळूहळू काळवंडते, पारा काचेत मुरतो, आणि २५४ ला बाहेर पडणं अवघड होत जातं. निळा उजेड पाऱ्याच्या वेगळ्या लाटांचा आहे, ४०५ आणि ४३६ च्या. तो साध्या काचेतूनही मजेत येतो. म्हणून भोकातून दिसणारा निळा रंग "वीज चालू आहे" एवढंच सांगतो. पॅनेलवरचा हिरवा ठिपकाही तेवढंच सांगतो. हाच फायदा घेऊन काही जण साध्या काचेची स्लीव्ह विकतात. कापलेला काठ डोळ्यासमोर धरला तर साध्या काचेचा हिरवट दिसतो, क्वार्ट्झचा पांढरा. पण बोरोसिलिकेट काचेचा काठही जवळजवळ पांढराच असतो, आणि ती २५४ ला अडवते. तेव्हा ही परीक्षा अर्धवटच समजा. ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावी.

कमी दाबाचा पारा २५४ सोबत थोडा १८५ चाही उजेड देतो. तो हवेतला ऑक्सिजन फोडून ओझोन बनवतो. वीज कडाडल्यावर येतो तसा उग्र वास. खोलीत तो साचला तर छातीला वाईट. म्हणून बहुतेक दिव्यांच्या क्वार्ट्झमध्ये टायटॅनियमचा अंश मिसळून १८५ ला मुद्दाम अडवतात. म्हणजे एवढा खटाटोप करून शुद्ध केलेल्या काचेत पुन्हा भेसळ, पण मोजून.

जास्त दाबाचा क्वार्ट्झ दिवा तुम्ही हजार वेळा पाहिला आहे. चौकातला, जिनिंगच्या आवारातला जुना मर्क्युरी. बाहेरचा मोठा दुधी फुगा साध्या काचेचा, आणि आत बोटाएवढी क्वार्ट्झची नळी. तिथे पारा इतका तापतो की साधी काच लोळागोळा होईल. लाइन गेली आणि लगेच आली तरी मर्क्युरी पाच-सात मिनिटं अंधारातच का बसायचा, तेही यातच आहे. आतला दाब तेव्हा इतका चढलेला असतो की नेहमीच्या विजेला ठिणगी पाडता येत नाही. नळी निवते, दाब उतरतो, मग गाडी सुरू.

बाहेरचा फुगा शोभेचा नाही, तो पहारेकरी आहे. हे मी डोळ्यांनी, शब्दशः डोळ्यांनी शिकलो. बारावीत असताना आमच्या गावात रात्रीचे व्हॉलीबॉलचे सामने होते. दुपारी पोरांच्या गोट्याने एका मर्क्युरीचा फुगा फुटला. आतली नळी शाबूत होती, संध्याकाळी दिवा लागला, आणि नेहमीपेक्षा झकास उजेड पडला म्हणून आम्ही खूश झालो. चार तास त्याखाली खेळलो. रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. पाणी थांबेना, उजेड सहन होईना, मान आणि कान भाजल्यासारखे लाल. सकाळी सात जण सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर डोळ्यांना रुमाल बांधून बसलो होतो. वेल्डिंगकडे बघत बसणाऱ्याचं जे होतं तेच. बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो, आणि तो तेव्हा दुखत नाही, सहा-बारा तासांनी दुखतो. दोन दिवसांत उतरलं. फुटलेला फुगा दिसला की आजही मी आधी मेन स्विच शोधतो. पाऱ्यावर बंधन घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार असे दिवे २०२० नंतर बनवायचेच नाहीत असं ठरलं, भारतही त्या करारात आहे, पण जुने आवारांत अजून टांगलेले सापडतात.

या उजेडाने भाजतं, तसं बरंही होतं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने कातडीच्या क्षयावर कार्बनच्या ठिणगीचा उजेड क्वार्ट्झच्या भिंगांतून एकवटून वापरला आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या पोरांना क्वार्ट्झ दिव्यासमोर ठेवलं आणि त्यांची वाकलेली हाडं चुना धरू लागली. आज कोडासाठी त्वचारोगतज्ज्ञ ३११ नॅनोमीटरच्या नळ्या वापरतात. आपल्याकडे बावचीचा लेप लावून उन्हात बसायची जी जुनी रीत आहे तिच्यात अर्थ होता: बावचीतलं सोरालेन कातडीला अतिनीलासाठी हळवं करतं. पण ते इतकं हळवं करतं की घरच्या घरी करणाऱ्यांना फोड येतात. ते डॉक्टरच्या नजरेखालीच करावं. आणि कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवतात तेव्हा "पोराले यूव्ही मारून राह्यले" म्हणून घाबरू नका. तो ४६० च्या आसपासचा साधा निळा उजेड आहे, अतिनील नाही. निळ्या रंगाने फसण्याची ही उलटी तऱ्हा.

थोरल्या भावाचे, म्हणजे ३६५ च्या आसपासच्या उजेडाचे, उद्योग निराळे. हा जंतू मारत नाही, वस्तूंना बोलकं करतो. काळ्या काचेच्या दिव्याखाली नोटेवरचा क्रमांक आणि कागदातले बारीक धागे उजळतात. धुण्याच्या पावडरने धुतलेला सदरा निळा चमकतो. रात्री धुऱ्यावर असा टॉर्च फिरवला तर विंचू हिरवट-निळा पेटल्यासारखा दिसतो. फक्त नुकतीच कात टाकलेला तेवढा चमकत नाही, तेव्हा पाय जपूनच टाका. डाग किंवा इजा असलेल्या संत्र्याची साल या उजेडात वेगळी उजळते, त्यावरून पॅकिंगमध्ये सडकं फळ काढतात. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, ज्या कापसाच्या बोंडाला शेतात असतानाच अॅस्परजिलस बुरशी लागली, त्याच्या रुईवर आणि सरकीवर हिरवट-पिवळी झाक दिसते. हीच बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष करते, आणि सरकीच्या ढेपेतून ते म्हशीच्या दुधापर्यंत जातं. झाक दिसली म्हणजे विष आहेच असं नाही, पण तो नमुना तपासायला पाठवावा.

आता पाऱ्याशिवायचे एलईडीही आले आहेत, २६५ ते २७५ चे. लहान घरगुती फिल्टरमध्ये ते दिसू लागलेत. कोरोनाच्या वर्षी मात्र निळे एलईडी लावलेल्या कांड्या "यूव्ही" म्हणून गावोगाव विकल्या गेल्या, त्यांचा उपयोग टॉर्च म्हणूनही धड नव्हता.

काकूंकडे परत येतो. स्लीव्ह लिंबूसत्वात घातली, नवा दिवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. हाताचा घाम काचेवर राहिला तर तापून डाग धरतो, म्हणून त्याला फक्त टोकांना धरायचं. झाकण लावलं, भोकातून तोच निळा उजेड. काकूंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पहा, जसाच्या तसा!" मग जुना दिवा हातात घेऊन, "हा देवघरात लावतो मी. निळा चांगला दिसते."

मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. म्हातारा झाला तरी त्याच्यात डोळे भाजण्याइतका दम असतो, आणि फुटला तर पारा घरात. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घातला आणि झाकणावर तारीख लिहिली. देवघरासाठी पुढच्या खेपेला निळी झिरोची बत्ती आणायचं कबूल करून आलोय.